कुंपण कुठपर्यंत?

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या इतिवृत्ताच्या वह्या चाळल्या, तर सर्वांत जास्त पाने पाण्याने किंवा पार्किंगने खाल्लेली दिसत नाहीत. ती खाल्ली आहेत बी विंगच्या तळमजल्यासमोरच्या बारा फुटी पट्ट्याने आणि त्याभोवतीच्या कुंपणाने. नव्याने राहायला आलेल्यांना हे खरे वाटणार नाही, जुन्यांना हसू येईल, आणि एक-दोन घरांत अजून थोडे दुखेलही. म्हणून नावे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच.

या विषयात मी पुन्हा का पडलो ते आधी सांगतो. तो तळमजल्याचा फ्लॅट मध्यंतरी विकला गेला. नवे सभासद तरुण आहेत, सज्जन आहेत. कार्यालयात कागद बघताना त्यांनी मला विचारलं, "काका, ज्या कागदावर माझी सही नाही, तो मला कसा काय बांधील?" प्रश्न अगदी रास्त होता. बँकेत तीस-पस्तीस वर्षे गहाणखते आणि टायटल सर्च रिपोर्ट वाचण्यात गेली, तरी याचं उत्तर चटकन एका वाक्यात देता येईना. मग वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं की हाच प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये विचारला गेला होता, आणि तिथेही कुंपण होतंच.

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये आज सिनेमागृहांची आणि प्रवाशांची गर्दी असते. त्या चौकाच्या मधोमध एक बाग आहे. १८०८ साली तुल्क नावाच्या गृहस्थांनी ती बाग एल्म्स नावाच्या माणसाला विकली. चौकातली काही घरं तुल्क यांचीच होती, म्हणून खरेदीखतात त्यांनी अट घातली: ही जागा बाग म्हणूनच ठेवायची, तिच्यावर बांधकाम करायचं नाही, आणि भोवतालचं लोखंडी कुंपण आहे त्या स्वरूपात दुरुस्त ठेवायचं. चौकातल्या भाडेकरूंनी वाजवी पैसे भरले तर त्यांना बागेची किल्ली मिळावी, असंही त्यात होतं. म्हणजे मेंटेनन्स भरा आणि बाग वापरा! फक्त भाषा वकिली.

पुढे बाग हातोहात विकली जाऊन मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. त्याच्या खरेदीखतात ती अट नव्हती. अट आहे हे मात्र त्याला माहीत होतं. तरीही त्याने बांधकाम करायचं ठरवलं. तुल्क कोर्टात गेले. मॉक्सहेचं म्हणणं आपल्या नव्या सभासदांच्या प्रश्नासारखंच होतं: करार एल्म्सने केला, मी नाही. १८४८ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी निकाल दिला तो तुल्क यांच्या बाजूने. त्यांचा मुद्दा कोणत्याही बँकवाल्याला लगेच पटावा असा आहे. अट असलेली जमीन स्वस्तात मिळते. ती स्वस्तात घेऊन दुसऱ्या दिवशी अटीशिवाय महाग विकता आली, तर तो अन्याय. म्हणून अट माहीत असताना ज्याने जमीन घेतली, त्याला ती अट पाळावी लागेल.

गंमत म्हणजे निकालानंतर तीनच वर्षांत त्याच बागेत एका नकाशेवाल्याने साठ फूट व्यासाचा पृथ्वीचा गोल बांधला. लोक पैसे देऊन आत शिरत आणि आतल्या बाजूने पृथ्वी बघत. दहा-अकरा वर्षे तो तिथे उभा होता. कोर्टाचा निकाल आणि जागेवरची परिस्थिती यांत अंतर पडतं, ते काही आपल्याकडचं वैशिष्ट्य नव्हे.

हे तत्त्व इंग्रजांबरोबर आपल्याकडे आलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४० बघा. जमिनीच्या वापरावरचं बंधन, ते माहीत असताना जमीन घेणाऱ्यावर लागू करता येतं, असा त्याचा मथितार्थ. बँकेच्या सर्च रिपोर्टमध्ये आम्ही जो 'नोटीस' शब्द शोधत असू, त्याचं एक मूळ त्या बागेत आहे.

हेच तत्त्व अमेरिकेतही गेलं आणि तिथे त्याचा वटवृक्ष झाला. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, त्यामुळे 'होमओनर्स असोसिएशन' हा शब्द फोनवर ऐकलेला असेल. आपली सोसायटी आणि ती असोसिएशन यांत मोठा फरक आहे. तिथे घर आणि बऱ्याचदा खालची जमीनही तुमच्या नावावर. रस्ते, तळं, बाग, तरण तलाव असोसिएशनचे. तरीही तुमच्याच जमिनीवर कुंपण कुठे, किती उंच, कोणत्या रंगाचं, हे असोसिएशन ठरवते, कारण विकासकाने पहिलं घर विकण्याआधीच या अटी नोंदवून ठेवलेल्या असतात आणि त्या जमिनीबरोबर चालतात. मालक बदलला तरी अट तीच. आज तिकडे सात कोटींहून अधिक लोक अशा कोणत्या ना कोणत्या संघाच्या नियमांखाली राहतात.

न्यू जर्सीमध्ये रॅडबर्न नावाची वसाहत आहे. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोघांनी ती आखली आणि १९२९ मध्ये तिथे पहिली कुटुंबं राहायला आली. मोटारी वाढताहेत, मुलांना धोका आहे, म्हणून घरांचा चेहरा रस्त्याकडे न करता आतल्या सामाईक बागेकडे करायचा, अशी कल्पना. बागेची देखभाल रॅडबर्न असोसिएशनकडे, त्यासाठी प्रत्येक घराकडून वर्षाला ठरावीक रक्कम. नगररचनेच्या पुस्तकांत तिचं कौतुक असतं आणि ते योग्यच आहे. पण असोसिएशनच्या कारभारात सामान्य घरमालकाला पुरतं मत नव्हतं. त्यावरून रहिवासी कोर्टात गेले, आणि अखेर २०१७ मध्ये न्यू जर्सी राज्याने अशा संघांतल्या निवडणुकांसाठी कायदा केला. तो 'रॅडबर्न कायदा' म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे वसाहत वसल्यावर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

इथे आपल्या सहकाराला मान द्यावासा वाटतो. आपल्याकडे १९०४ चा कायदा पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मिळाली, आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सोसायटी उभी राहिली, ती श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या धडपडीतून. तिथपासून आजच्या १९६० च्या महाराष्ट्र कायद्यापर्यंत 'एक सभासद, एक मत' हे सूत्र सुटलेलं नाही. वन बीएचकेवाल्याचं मत आणि टेरेस फ्लॅटवाल्याचं मत सारखंच. हा अधिकार आपल्याला फुकटात मिळाला म्हणून वार्षिक सभेला गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावं लागतं, ही वेगळी गोष्ट.

रॅडबर्ननंतर आलं लेव्हिटटाउन. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. १९४७ पासून चार-पाच वर्षांत लेव्हिट कंपनीने तिथे सतरा हजारांवर घरं बांधली. ६० बाय १०० फुटांचा प्लॉट आणि त्यावर ७५० चौरस फुटांचं घर. आपल्या टू बीएचकेएवढंच! अटींमध्ये पहिली नजरेत भरते ती कुंपणाचीच: बांधलेलं असो वा झाडांचं, कुंपण घालायचं नाही. हिरवळ दर आठवड्याला कापायची. सुट्टीच्या दिवशी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत. सगळीकडून हिरवळ एकसंध दिसावी, हा हेतू. पुढे मुलं झाली, कुत्री आली, आणि कुंपणंही आलीच.

पण त्याच कागदांत आणखी एक अट होती, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. हे घर गोऱ्या वंशाच्या माणसांशिवाय इतरांनी वापरायचं नाही. घरकामाचे नोकर तेवढे चालतील. जी कायदेशीर युक्ती लंडनची बाग वाचवायला जन्मली, तीच माणसांना बाहेर ठेवायला वापरली गेली. सेंट लुई शहरात शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने १९४५ मध्ये घर घेतलं. त्या भागातल्या मालकांनी १९११ मध्ये अशीच अट लिहून ठेवलेली होती. शेजारी कोर्टात गेले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा अटी लोकांनी आपसांत पाळल्या तर पाळोत, पण त्या अमलात आणायला सरकारी न्यायालयं हात देणार नाहीत. तरी पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ साली मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब राहायला गेलं, तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगड पडले.

आपण फार फुशारकी मारू नये. अहमदाबादच्या झोराष्ट्रियन सोसायटीचा उपनियम होता की सभासद पारशीच हवा. तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला. कारणं वेगळी, संस्था करण्याच्या स्वातंत्र्याची. तरी मला तो निकाल वाचताना बरं वाटलं नाही. जागा भाड्याने देताना 'कोण आहेत? कुठले? काय खातात?' हे प्रश्न आपल्या फाटकाशीही विचारले गेले आहेत. लिहिलेली अट नसते एवढंच.

माझी मुलगी न्यू जर्सीतच राहते. घराच्या मागे पावसाचं पाणी साठवायचं तळं, आणि नातू तेव्हा दोन वर्षांचा. कुंपण हवं म्हणून तिने असोसिएशनकडे अर्ज केला, तो दोनदा परत आला. पहिल्यांदा कारण असं की खांब सांडपाण्याच्या वाहिनीसाठी राखलेल्या पट्ट्यात येत होते. दुसऱ्यांदा कारण: कुंपण घराच्या मागच्या कोपऱ्याच्या पुढे यायला नको, आणि कुंपणाची 'चांगली' बाजू शेजाऱ्याकडे हवी, खांब-पट्ट्या दिसणारी बाजू आपल्याकडे. मुलगी वैतागली होती. "बाबा, जमीन माझी, हप्ते मी भरते, आणि हे मला सांगणार!" नियम मोडून कुंपण घातलं असतं तर आधी पत्र, मग दंड, मग दंड थकला तर घरावर बोजा. काही राज्यांत बोजा वसूल करायला घर विक्रीलाही काढता येतं. तिसऱ्या अर्जाला मंजुरी मिळाली. मला मात्र ती चांगली बाजू शेजाऱ्याकडे ठेवायची अट फार आवडली. तिला मी तसं सांगितलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपली सोसायटी सहभागीदारी प्रकारची आहे, म्हणजे जमीन आणि इमारत दोन्ही सोसायटीचे. मुलीच्या जमिनीला निदान तिचं नाव तरी आहे. आपल्या तळमजल्यासमोरचा पट्टा कोणाही एकाच्या नावावर नाही. मंजूर नकाशात तो मोकळा पट्टा म्हणून दाखवला आहे.

मग त्यावर कुंपण कसं आलं? पहिले सभासद, ज्यांना आपण सगळे अण्णा म्हणायचो, त्यांनी ती जागा चोरली नव्हती. बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, "समोरची बाग तुमचीच समजा." आणि त्यापोटी चौरस फुटामागे जास्त दर घेतला होता. करारनाम्यात त्या बागेचा शब्द नाही. फसवणूक झाली ती अण्णांची, आणि तेवढीच आपल्या सर्वांची, कारण जे बिल्डरचं नव्हतं ते त्याने विकलं. २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळं पार्किंग किंवा स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. मोकळ्या पट्ट्याचं तेच. पण हा निकाल यायच्या कितीतरी आधी अण्णांची जाळी लागली होती, आणि आतला कढीपत्ता तिन्ही विंगच्या फोडणीत पडत होता. कोणाची तक्रार नव्हती. अण्णा असताना त्या सोसायटीत कढीपत्ता कोणी विकत आणला असेल तर मला माहीत नाही.

वाद सुरू झाला तो गणपतीत. अण्णा गावी, जाळीच्या फाटकाला कुलूप, आणि सांडपाण्याचा चेंबर जाळीच्या आत. धो धो पाऊस. चेंबर तुंबला आणि पलीकडच्या दोन घरांच्या न्हाणीघरांत घाण वर आली. त्यातल्या एका घरी दीड दिवसाचा गणपती बसलेला. शेवटी रात्री अकरा वाजता कुलूप तोडलं. अण्णा परत आले ते संतापूनच. "माझ्या घरात शिरलात तुम्ही!" ते म्हणाले. 'घर' हा शब्द त्यांनी वापरला, आणि त्या क्षणी दोन्ही बाजू घट्ट झाल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. नोटिसा, सभा, कलम ९१ खाली सहकार न्यायालय, तारखा. वकिलाच्या फीपायी त्या वर्षी रंगकाम पुढे ढकललं. दरम्यान अण्णा गेले. तडजोड झाली ती काकूंच्या समजूतदारपणामुळे, हे इथे नोंदवून ठेवतो. जाळी चार फूट आत, चेंबर आणि व्हॉल्व्ह बाहेर, फाटकाला कुलूप नाही, बाग काकूंनी सांभाळायची, पण जागेवर हक्क सांगायचा नाही. सहीच्या दिवशी काकूंनी सगळ्यांना चहा दिला. ज्या घरात घाण पाणी शिरलं होतं, त्या घरातून चहाला कोणी आलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू त्या दोन घरांत पुढे कधीच झालं नाही.

म्हणून नव्या सभासदांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: लेस्टर स्क्वेअर बाजूला ठेवा, साधा हिशेब बघा. विकणाऱ्याकडे जे नव्हतं ते घेणाऱ्याला मिळत नाही. काकूंकडे बाग सांभाळण्याची मुभा होती, मालकी नव्हती. आणि कर्जासाठी बँकेला जे ना-हरकत पत्र सोसायटीने दिलं, त्याला तडजोडीच्या अटींची प्रत जोडलेली आहे, पोहोच त्यांच्या सहीची आहे. मॉक्सहेप्रमाणेच त्यांनाही माहीत होतं.

पण त्यांची मागणी दुसरी आहे, आणि ती ऐकून घ्यायला हवी. त्यांची मुलगी तीन वर्षांची आहे, आणि काकूंच्या जुन्या जाळीची आता गंजून चाळण झाली आहे. पट्ट्याच्या कडेने गाड्या वळतात. त्यांना अडीच फुटी नवं कुंपण हवं आहे, चार फुटांची वाट सोडून, कुलूप न लावता. मला यात गैर काही दिसत नाही. विरोध करणाऱ्यांचं भय वेगळं आहे. पुनर्विकासाच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत आणि उद्या 'इतकी वर्षे बाग आमच्या ताब्यात होती, आम्हाला जास्त क्षेत्र द्या' असा दावा येईल, असं त्यांना वाटतं. भय खोटं नाही. पुनर्विकासात एकेका फुटासाठी सख्खे भाऊ भांडलेले मी कर्ज विभागात बघितले आहेत. परंतु त्याला उपाय ठरावात लिहून घेण्याचा आहे. लहान मुलीला गाड्यांपुढे ठेवण्याचा नव्हे. मानीव अभिहस्तांतरण होऊन जमीन आता सोसायटीच्या नावावर आहे. 'सुरक्षेसाठी तात्पुरती परवानगी, हक्क नाही, पुनर्विकासात गणना नाही, फ्लॅट विकल्यास नव्या सभासदाची स्वतंत्र सही' एवढ्या चार ओळी इतिवृत्तात आल्या तर पुरे. मी त्याला हात वर करणार आहे. आणि कुंपणाची चांगली बाजू सामाईक रस्त्याकडे असावी, अशी एक उपसूचनाही मांडणार आहे.

हा विषय येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. मत बनवण्याआधी कागद बघायचे असतील त्यांच्यासाठी: मंजूर नकाशा, तडजोडीच्या अटी आणि त्या वर्षीचं इतिवृत्त कार्यालयातल्या लोखंडी कपाटात वरून दुसऱ्या खणात हिरव्या फायलीत आहेत. किल्ली मॅनेजरकडे असते, संध्याकाळी सहा ते आठ. नकाशावरची मापं मीटरमध्ये आहेत, आणि आपण सगळे बोलतो फुटांत, तेवढं लक्षात ठेवून बघावं.